तोंडावरचा धूर

आरशावर डाग पडलाय, असं मला आधी वाटलं.

राजूरमध्ये आरसा पुसणं हे झाडण्यासारखंच रोजचं काम आहे. कोळशाची धूळ माठावर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, दुपारी डुलकी लागलेल्या माणसाच्या भुवयांवरही बसते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं पार्लर. एक खुर्ची, एक उभा आरसा, क्रीमच्या डब्यांची फळी आणि रस्त्याच्या बाजूला पडदा. सकाळी आधी आरसा पुसायचा, मग खुर्ची, मग पडदा सरकवायचा. त्या दिवशीही मी आरसा पुसला होता. तरी काचेच्या मधोमध, कुणी तोंडाची वाफ सोडावी तसा एक करडा डाग राहिला. फडकं ओलं करून घासलं, पेपरचा बोळा करून घासलं. जाईना. मी जरा बाजूला सरकले, तर तोही माझ्याबरोबर सरकला.

थंडीचे दिवस होते. सकाळी गल्लीत कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि त्यांचा धूर घराघरात शिरतो. डोळे चुरचुरत असतील म्हणून मी पाणी मारलं आणि कामाला लागले.

थोड्या वेळाने गल्लीतलीच एक मुलगी आयब्रो करायला आली. तिचं लग्न ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी सासरची माणसं यायची होती. ती बोलत होती, मी दोरा दातात धरून काम करत होते. दोन्ही भुवया सारख्या झाल्या का ते बघताना मला एक डोळा मिटायची सवय आहे. तसा मी उजवा डोळा मिटला.

मुलीचं तोंड नव्हतं.

म्हणजे केस होते, कान होते, कानातले डूल हलत होते, खाली गळा आणि ओढणी होती. मध्ये जिथे तोंड असायला हवं तिथे करडा धूर होता, आणि त्या धुरातून तिचा आवाज येत होता. हॉलच्या भाड्याचं काहीतरी सांगत होती. मी झटकन उजवा डोळा उघडला. तोंड परत आलं. पुन्हा मिटला. पुन्हा गेलं. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, केस गेला डोळ्यात. बाकीची भुवई मी डावा डोळा घट्ट मिटूनच केली. ती गेल्यावर पडदा ओढला आणि खुर्चीत बसले. समोर आरशात बघायचं धाडस झालं नाही.

मला तेव्हा दिवस गेले होते. घरात ते फक्त मला आणि नवऱ्याला माहीत होतं. त्याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं, दोन्ही वेळा तिसरा महिना भरायच्या आत. दोन्ही वेळा आम्ही आनंदाने सगळ्यांना सांगून मोकळे झालो होतो, आणि मग एकेकाला उलटं सांगावं लागलं होतं. या वेळी ठरवलं, तीन महिने कुणाला काही बोलायचं नाही. सासूबाईंनाही नाही. सासूबाईंपासून लपवणं कठीण होतं, कारण घरात माणसं तीनच आणि त्यांची नजर बारीक. पण सकाळच्या उलट्या मी न्हाणीघरात बादलीत नळ सोडून उरकत होते. क्रीमच्या वासाने मळमळतं म्हणून नाकाला रुमाल बांधायचे. धुळीमुळे, असं सांगायचे.

डोळ्याचं मात्र मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो खाणीत डंपर चालवतो. घरातली काळजी घेऊन त्या चाकावर बसू नये, असं मला वाटायचं. शिवाय आपण बोललो की ते खरं होईल, अशी एक भीती त्या दिवसांत मला प्रत्येक गोष्टीची होती. मोबाइलवर एकदा शोधून पाहिलं. पहिल्या दोन ओळी वाचून बंद केलं.

पुढच्या आठवड्यात मला कळलं की नुसता धूरच नाही. डाव्या डोळ्याने बघितलं की सगळं जरा लहान दिसायचं, आणि जरा लांब. लाल रंग विटकरी दिसायचा, पिवळा मळका. दाराची चौकट मध्ये आत दबलेली दिसायची, कुणी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी. नवरा जेवायला बसला की समोर बसून मी हळूच एक डोळा मिटायची, मग दुसरा. उजव्या डोळ्यातला नवरा नेहमीचा होता. डाव्यातला त्याच्यापेक्षा थोडा बारीक, थोडा मागे बसलेला, आणि तोंडाच्या जागी धूर. हात ताटापासून तोंडापर्यंत जायचा आणि घास धुरात नाहीसा व्हायचा. मी डोळे मिटत-उघडत राहायची. तो विचारायचा, काय पाहून राह्यली? मी म्हणायची, काही नाही.

तो एक वेगळाच माणूस आहे, असं कधी कधी मनात येऊन जायचं. रोज आमच्यात जेवायला बसतो, आणि मला सोडून कुणाला दिसत नाही.

एके दिवशी मागच्या खोलीची भिंत फुगलेली दिसली. आमच्या भागात भिंतींकडे लोकांचं लक्ष असतं. रोज दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं, जमीन हलते, घरांना तडे जातात. तडा गेला की लोक त्यावर सिमेंटचा आडवा पट्टा ओढून ठेवतात. पट्टा चिरला की समजायचं, तडा वाढतोय. शिवाय जुन्या लोकांच्या मते गावाखालची बरीच जमीन पूर्वीच्या भुयारी खाणींनी पोखरून ठेवलेली आहे. माझे सासरे त्या भुयारी खाणीतच होते. मी लग्न होऊन महागावहून आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, आपण चालतो तिथं खाली मी चाललेलो आहे. ते आता नाहीत.

तर ती भिंत मला पोट आल्यासारखी दिसली आणि मी एकेक डोळा मिटून बघायच्या आधीच ओरडले, की भिंत येतेय पुढे. नवरा धावत आला. त्याने शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा आणला, वरून सोडला, दोरी आणि भिंत यांच्यामधून बोट फिरवून बघितलं. वरपासून खालपर्यंत सारखं. त्याने पुन्हा दुसऱ्या जागी सोडला. मग ओळंबा हातात गुंडाळत तो भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, सावली पडली असेल. त्या वेळी दोरीसुद्धा मला वाकडी दिसत होती. टांगलेला ओळंबा मधोमध वाकडा.

सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. 

त्या बोलल्या दोन-तीन दिवसांनी. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. आम्ही दोघी पुढच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ऊन चांगलं होतं, रस्त्यावर माणसं होती. सोलता हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"कोनाच्या तोंडावर हाये?"

मी विचारलं, काय?

"धूर."

माझ्या हातातले दाणे खाली पडले. मी त्यांना एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. धूर हा शब्द तर मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने उच्चारला नव्हता.

"तू कोनाच्याच तोंडाकडे पाहून नाई राह्यली आजकाल," त्या म्हणाल्या. "एक डोळा झाकते अन् पाहाते. मीही असंच करत होती."

मग त्यांनी सांगितलं. माझी नणंद, म्हणजे त्यांचं पहिलं मूल पोटात होतं तेव्हाची गोष्ट. सुरुवातीचेच दिवस होते, घरात अजून कुणाला पत्ता नव्हता. त्यांचा धाकटा दीर त्यांच्याकडेच राहायचा आणि माझ्या सासऱ्यांबरोबर भुयारी खाणीत कामाला जायचा. विशीतला, हसरा, वहिनीच्या हातची भाकरी मोजून न खाणारा. एका सकाळी त्याला डबा देताना त्यांना त्याच्या तोंडावर धूर दिसला. त्यांना वाटलं चुलीचा असेल. बाहेर अंगणात आला तरी होता. दुसऱ्या दिवशीही होता. त्या त्याला सांगणार होत्या, पण काय सांगायचं? घर पक्कं बौद्ध. माझे सासरे असल्या गोष्टींना दारात उभं करत नसत. अंगारे-धुपारे, भगत, नजर, हे शब्द घरात चालत नसत. वेड्यात काढतील म्हणून त्या गप्प बसल्या. त्याच आठवड्यात खाणीत छत कोसळलं. बाकीचे बाहेर आले, दीर आला नाही.

"त्याच्यानंतर धूर नाई दिसला," त्या म्हणाल्या. "पन म्या कोनाच्या तोंडाकडे पाहाचं सोडलं. घरातून निघनाऱ्या मानसाकडे तर कधीच नाई पाह्यलं."

हे मला माहीत होतं, फक्त अर्थ माहीत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात नवरा मला म्हणाला होता, आई मला निरोप देताना शर्टाच्या गुंड्यांकडे बघते, लहानपणापासून. त्याला ते लागायचं. शाळेत जाताना, परीक्षेला जाताना, पहिल्या दिवशी खाणीत जाताना, कधीच तिने वर बघितलं नाही.

त्यांनी शेंगांची परात बाजूला केली.

"माह्या तोंडावर हाये काय?"

मी उजवा डोळा मिटला. पांढरे केस होते, कानातली जुनी बुगडी होती, कपाळाच्या वर पदराचा काठ होता. मध्ये धूर.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. घाबरल्या नाहीत. वय झालेलं माणूस बस आली म्हणून उठतं, तशी ती मान हलली. मग आवाज बदलून विचारलं,

"अन् त्याच्या?"

त्याच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. मी सांगितलं, त्यांच्याही आहे, सगळ्यांच्याच आहे, ज्याच्याकडे बघेन त्याच्या. हा डोळ्याचाच काहीतरी आजार आहे. पण मला वाटलं होतं तसा त्यांना धीर आला नाही. त्यांचा विश्वासच बसेना. सगळ्यांच्या तोंडावर कसा राहील, असं त्या म्हणत राहिल्या. मी त्यांच्या मुलाचं लपवायला बाकीच्यांची नावं घेतेय, असा त्यांचा समज झाला. शेवटी त्यांनी रस्त्याकडे बोट केलं.

शाळेतल्या बाई जात होत्या. हिच्या? हो. पाण्याच्या कॅनची गाडी घेऊन एक जण चालला होता. ह्याच्या? हो. शेजारीण लेकराला कडेवर घेऊन आली, आमच्याशी दोन शब्द बोलली, लेकरू आमच्या शेंगांसाठी हात पुढे करत होतं. ती पुढे गेल्यावर सासूबाईंनी विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, दोघांच्याही. दोन कॉलेजची पोरं मोटरसायकलवरून गेली. किराणावाला दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला निघाला. उन्हात, नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीची माणसं जात होती, आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून एकेकाला धुरात टाकत होतो. मला थांबता येईना. त्यांनाही.

तेवढ्यात दुपारचं ब्लास्टिंग झालं. आधी पायाखालून, मग कानात. आतली भांडी वाजली, परातीतले दाणे थरथरले, छपरावरून बारीक धूळ आमच्या अंगावर उतरली. रोजचंच ते. रस्त्यावरचं कुणी थांबलंसुद्धा नाही.

सासूबाई जमिनीकडे बघत होत्या.

"सगळ्याइच्या तोंडावर हाये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग हे सारं गावच खाली चाललं काय वं?"

मी खूप समजूतदार बाई आहे, असं मला वाटतं. बारावी झालेली आहे, कोर्स केलेला आहे. पण त्या क्षणी मला ओट्याखाली पोकळी जाणवली. अगदी स्पष्ट. आपण एका पातळ पापुद्र्यावर बसलोय आणि खाली काळोखात माझे सासरे ज्या वाटांनी चालले त्या वाटा रिकाम्या पडल्यात. मी पाय वर घेतले.

त्या उठल्या, आत गेल्या आणि माझी बॅग काढली. मला दिवस गेलेत हे त्यांना ठाऊक होतं. नळाच्या आवाजामागचं त्यांना पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं. मला त्याच दिवशी महागावला माहेरी पाठवायचं त्यांनी ठरवलं. मी विचारलं, आणि तुम्ही? त्या म्हणाल्या, मी कायले? आणि माझ्या साड्या घड्या करून भरू लागल्या. मीही भरू लागले. आम्ही दोघींनी कपाट अर्धं रिकामं केलं.

नवरा पाळी संपवून आला तेव्हा बॅग दारात होती. त्याला वाटलं, या वेळचंही गेलं. त्याचं तोंड मला उजव्या डोळ्याने दिसलं आणि मी लगेच सांगितलं, तसं नाही, पोटात सगळं ठीक आहे. मग त्याला सगळं सांगावं लागलं. तो सगळं ऐकून उठला. हात धुऊन आला, माझ्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट माझ्यासमोर धरलं.

"किती?"

"एक," मी म्हटलं. "पण मधात मोडलेलं दिसून राह्यलं."

त्याने हात मागे घेतला आणि आपल्या बोटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. आम्ही वणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी यवतमाळला जायला सांगितलं, कारण डोळ्याच्या आतला फोटो काढायचं मशीन तिथे होतं. यवतमाळला सासूबाईही आल्या. घरी थांबा म्हटलं तर चप्पल घालून दारात उभ्या.

यवतमाळच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हातात चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, चांगला डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. रेघा मधोमध वर आलेल्या होत्या, चादरीखालून कुणी बोट उचलावं तशा. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पाळी कधी आली होती? मी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. रक्तदाब घेतला, तो बरोबर होता. मग मशीनसमोर हनुवटी टेकवली.

पडद्यावर माझ्या डोळ्याच्या मागच्या भागाचं काळं-पांढरं चित्र आलं. जमिनीचा उभा छेद घेतल्यासारखे थर. मध्ये वरचा थर टेकडीसारखा उचललेला आणि त्याच्याखाली काळी मोकळी जागा. डॉक्टर बाईंनी त्यावर पेनाचं टोक ठेवलं. इथे पाणी साचलंय, त्या म्हणाल्या. चित्र उमटतं तो पडदा या पाण्याने वर उचलला गेलाय, म्हणून वाकडं दिसतं, लहान दिसतं, मध्ये करडं दिसतं. गरोदरपणात शरीरात जे बदल होतात त्यात काही जणींना असं होतं. बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यांत होतं, तुमचं लवकर आलं. बाळाला यामुळे काही होत नाही. बहुधा आपोआप ओसरेल, कुणाचं काही महिन्यांत, कुणाचं बाळंतपणानंतर. औषध आता काही द्यायचं नाही, पण तपासायला येत राहायचं, आणि चमका दिसल्या किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी यायचं.

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. मला रडू आलं.

सासूबाई मात्र चित्राकडेच बघत होत्या. "खाली पोकय हाये," त्या म्हणाल्या. मग डॉक्टर बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, की असा धूर पूर्वी, त्यांच्या काळातल्या गरोदर बाईलाही दिसू शकतो का? डॉक्टर बाई म्हणाल्या, दिसू शकतो की, हा काही आजचा आजार नाही. तेव्हा तपासणी नव्हती, त्यामुळे कुणाला काय झालं होतं ते मला सांगता येणार नाही. पण त्याला घाबरायचं कारण नाही. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. नवरा मागच्या सीटवर झोपला होता. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असेल. दिराचं मरण त्यांना आधी कळलं नव्हतं. त्यांनी ते लपवलं नव्हतं. डोळ्यात पाणी साचलं होतं, एवढंच. मी त्यांना तसं म्हटलंही. बाहेर कापसाची शेतं जात होती. 

मग म्हणाल्या, "डाक्टरीन बराबर सांगते. तुले सगळ्याइच्या तोंडावर दिसला. पन मले एकट्याच्याच तोंडावर काहून दिसला?"

 कदाचित त्यांनी बाकी कुणाकडे नीट बघितलंच नसेल. नवी सून, डोक्यावर पदर, स्वतःच्या सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर मान खाली. घरात ज्याच्या तोंडाकडे त्या मान वर करून बघू शकत होत्या असा बहुधा तो एकटाच होता. हे मला तिथेच सुचलं, आणि मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही.

पण घरी आल्यावर त्यांनी मुलाला काकाची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. मी चहा केला आणि आत बसले. बाहेर त्यांचा आवाज एकसारखा चालू होता. दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला तेव्हा दारात थांबला. सासूबाई समोर होत्या. त्यांनी नजर गुंडीवरून कॉलरपर्यंत नेली आणि ती तिथेच अडकली. तो तसाच उभा राहिला, गाडीची वेळ होऊन गेली तरी. शेवटी त्या वर बघू शकल्या. किती वेळ ते मी बघितलं नाही, कारण मला तिथे उभं राहवलं नाही.

तिसरा महिना भरला. सोनोग्राफीत ठोके दिसले. मी त्या पडद्याकडेही आधी एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने, आणि मग स्वतःची लाज वाटून दोन्ही उघडले. धूर हळूहळू विरळ झाला. आधी त्यातून माणसांचे दात दिसायला लागले, ते फार विचित्र होतं, धुरात नुसतं हसू. मग डोळे. उन्हाळा लागेपर्यंत तोंडं परत आली. पार्लरमध्ये मी काही महिने फक्त मेंदी काढली आणि वेण्या घातल्या, भुवयांना हात लावला नाही.

मुलगी वणीच्या दवाखान्यात झाली. सासूबाईच तिला तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या. त्यांचे हात चांगले आहेत. पण मी बघायची, त्या पायांपासून सुरुवात करायच्या, पोट, छाती, खांदे, आणि तोंडाला तेल लावताना नजर भिंतीकडे. बोटांनीच नाक-कपाळ शोधायच्या. मी एकदाही टोकलं नाही. मुलगी हसायला लागली, आवाज करून त्यांना हाका मारायला लागली, तेव्हा कधीतरी ते आपोआप सुटलं. नक्की कोणत्या दिवशी, ते मलाही कळलं नाही. एकदा आत आले तर दोघी एकमेकींच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या, आणि तेलाची वाटी तशीच भरलेली.

माझ्या डाव्या डोळ्याला लाल रंग अजून थोडा विटका दिसतो. लिपस्टिकची शेड बघताना मी तो मिटून घेते. बाकी काही नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, की पुढच्या वेळी दिवस राहिले तर हे पुन्हा येऊ शकतं, लवकर येऊन दाखवा. सासूबाई तेव्हा बाजूलाच बसल्या होत्या.

आता मुलगी अंगणवाडीत जाते. गल्लीतल्या बायका पार्लरमध्ये येतात, खुर्चीत मान मागे टाकतात आणि डोळे मिटून विचारतात, दुसऱ्याचं काय? मी हसून वेळ मारून नेते. सासूबाई आत असतात, त्यांना सगळं ऐकू येतं. इथल्या सासवा याबाबतीत किती मागे लागतात ते मी रोज ऐकते. आमच्या सासूबाईंनी मला एकदाही विचारलेलं नाही. कुणी फारच लावून धरलं तर त्याच आतून म्हणतात, "कायले पाह्यजे? एक हाये ना." आणि मग पडदा बाजूला करून बाहेर येतात, त्या बाईच्या तोंडाकडे नीट, पुरतं बघतात, आणि परत आत जातात.